कारण निवडा

माग थांबला की शेजारच्या खांबावरच्या टॅबलेटवर लाल चौकट उघडायची आणि तिच्यात दोन शब्द दिसायचे : कारण निवडा. हे शब्द कारणसाहेबांचे होते. पुण्याच्या सल्लागारानं 'कृपया थांबण्याचे कारण प्रविष्ट करावे' असं सुचवलं होतं. ते वाचून त्यांनी नकारार्थी मान हलवली. "शेडमध्ये कुणी कुणाला 'कृपया' म्हणत नाही," ते म्हणाले. "म्हटलं तर समोरच्याला वाटेल, काहीतरी चुकलंय."

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कंपनीत ते डेटा विभाग सांभाळत. कामगार त्यांना कारणसाहेब म्हणत. पुढे ऑफिसातही तेच नाव रूढ झालं आणि त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

कंपनीनं प्रत्येक मागाच्या दांड्यावर एक छोटी डबी बसवली होती. दांडा फिरला की डबीतून खूण निघायची. सगळ्या मागांच्या खुणा एका सॉफ्टवेअरमधून सलग वाहत राहायच्या आणि तीन ठिकाणी एकाच क्षणी दिसायच्या : वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात, पुण्यात सल्लागाराकडे आणि परदेशात, टॉवेल विकत घेणाऱ्या कंपनीकडे. पडद्यावर एक हिरवी रेघ असायची. माग चालू असले की रेघ सरळ. एखादा थांबला की खाच.

कारणसाहेबांची खुर्ची या पडद्याकडे पाठ करून ठेवलेली असायची. डेटा विभागाचा प्रमुख डेटाकडे पाठ करून बसतो, हे पाहून नवीन माणूस चक्रावायचा. कुणी विचारलंच तर ते सांगायचे, "रेघ सरळ आहे तोवर बघण्यासारखं त्यात काही नाही. आणि खाच पडली, तर ती बघून काय करू? खाली जाऊन विचारायला पाहिजे."

आणि ते खरंच खाली जायचे. शेडच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे विणकर ओठ रुंद उघडून आणि हातांच्या खुणांनी बोलतात. कारणसाहेब शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरात वाढलेले. मागांच्या खडखडाटात लहानपण गेल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं, आणि ही खुणांची सवय ऑफिसातही सुटली नव्हती. पुण्याशी व्हिडिओवर बैठक चालू असताना ते मधेच मूठ मिटायचे. शेडमध्ये त्याचा अर्थ 'माग थांबव'. पुण्याची माणसं थांबायची नाहीत. त्यांना वाटायचं, साहेब उत्साहात आहेत.

मी होतो त्या वर्तमानपत्राचं सोलापूरचं ऑफिस आकसल्यावर मी या कंपनीत मजकूर लिहिण्याच्या कामाला लागलो. कंपनीत एक सामायिक डॉक होता. मागाचा पट्टा कसा बदलायचा, रंगाच्या तक्रारीला उत्तर कसं द्यायचं, रजा कुणाकडे मागायची, हे सगळं त्याच्या वेगवेगळ्या पानांवर लिहिलेलं असे. ऑफिसातल्या संगणकावरून आणि शेडमधल्या टॅबलेटवरून कुणीही ते वाचू शके आणि सुधारू शके. या डॉकची व्यवस्थाही कारणसाहेबांकडे होती. पहिल्या दिवशी मी एका पानावरची दोन वाक्यं दुरुस्त केली. थोड्या वेळानं ते टेबलाशी येऊन उभे राहिले.

"हे पान जॉबरचाचांनी लिहिलंय."

"हो. वाक्य जरा लांब होतं."

"दुसऱ्याच्या घरात शिरताना हाक मारतात की नाही?"

त्यांनी मला खाली नेलं. माग दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात. उस्मानचाचा तिथले सगळ्यात जुने जॉबर. ते एका मागाखाली आडवे झाले होते. कारणसाहेबांनी खुणेनं विचारलं, याला तुमच्या पानात शिरू देऊ का? चाचांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि ओरडून म्हणाले, "लिखने दो साब, मगर मेरा नाम नक्को काटो बोलो."

तेव्हापासून कंपनीत तो रिवाजच पडला. पान बदलण्याआधी लिहिणाऱ्याला विचारायचं. पुण्याहून सल्लागारानं लिहून पाठवलं, की अशा पद्धतीनं डॉकचा वेग मंदावतो. कारणसाहेबांनी उत्तर पाठवलं, "होय."

त्यांचं खरं वैर होतं ते 'इतर' या शब्दाशी. टॅबलेटवर कारणांची यादी यायची : धागा तुटला, कांडी संपली, वीज गेली, बीम बदल, आणि शेवटी इतर. थकलेला माणूस शेवटचं बटण दाबतो. महिन्याच्या अहवालातल्या आलेखात इतरचा खांब सगळ्यांत उंच निघाला. "इतर म्हणजे आम्ही विचारलं नाही, एवढंच," कारणसाहेब म्हणाले आणि त्यांनी ते बटण काढून टाकलं.

पुढच्या महिन्यात बीम बदलाचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ बदलण्याचा, खांब उंच झाला. इतका, की धाकटे मालक धावत आले. "काका, एवढे बीम आपल्याकडे आहेत तरी का?" लघवीला जाणारा, तंबाखू मळणारा, घरचा फोन घेणारा, सगळेच बीम बदल दाबत होते. कारणसाहेबांनी चूक कबूल केली आणि दुसऱ्या टोकाला गेले. शेडभर विचारत फिरून त्यांनी यादी वाढवली. त्यात लघवी आलं, तंबाखू आलं, मुकादमाशी भांडण आलं. सल्लागारानं व्हिडिओवर यादी वाचायला घेतली आणि एका जागी तो अडला.

"सर, हे 'सासऱ्याचा फोन' काय आहे?"

"नरसय्याच्या सासऱ्याचा फोन येतो."

"पण त्यासाठी वेगळं कारण?"

"तुम्ही त्याच्या सासऱ्याला ओळखत नाही."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. कारणसाहेब हसले नाहीत. नरसय्या शेडमधला विणकर. त्याची बायको माहेरी आजारी होती आणि सासरा फक्त वाईट बातमी द्यायलाच फोन करायचा, हे त्यांना ठाऊक होतं. बैठकीत त्यांनी ते सांगितलं नाही.

त्याच सुमारास आणखी एक प्रकार उघडकीला आला. मागावर उभे धागे आधीच ताणलेले असतात. आडवा धागा धोट्यातून येतो. तो संपला किंवा तुटला की तारेचा एक छोटा काटा पडतो आणि माग आपोआप थांबतो. कुणीतरी तो काटा दोऱ्यानं बांधून चहाला जात होतं. मग धागा संपला तरी रिकामा धोटा नुसताच इकडून तिकडे जायचा. दांडा फिरत राही, डबी खुणा पाठवत राही, रेघ सरळ राही. फक्त कापड विणलं जात नसे. त्या जागी नुसते उभे धागे सुटे राहत.

कारणसाहेब इतके चिडलेले मी पुन्हा पाहिले नाहीत. नाव मात्र त्यांनी शोधलं नाही. डॉकमध्ये 'रिकामा माग' नावाचं पान लिहिलं. काटा कुठे असतो, तो कसा बांधतात, सोडल्यावर काय करावं लागतं, कापडावर कसं दिसतं, सगळं फोटोसकट. मी म्हटलं, यानं ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल. "कळू दे. पडदा बघणाऱ्याला आधी कळलं पाहिजे," ते म्हणाले. पानाच्या शेवटी त्यांनी एक वाक्य टाकलं. पुढे ते त्यांच्या तोंडी बसलं : बंद पडलेला माग खोटं बोलत नाही, चालू असलेला बोलतो.

एकदा जेवताना त्यांनी गल्लीतली गोष्ट सांगितली. ते कडक भाकरी हातानं मोडत, तुकडे डब्याच्या झाकणात मांडत आणि मगच पहिला घास घेत. त्या दिवशी तुकडे मांडून झाले, पण घास घेतला नाही.

त्यांच्या लहानपणी घरोघरी माग होते. गल्लीत मयत झाली की तिरडी ज्या घरासमोर येई, त्या घरातला माग थांबायचा. तिरडी पुढे गेली की तो सुरू व्हायचा आणि पुढच्या घरातला थांबायचा. "शांतता तिरडीबरोबर चालायची," ते म्हणाले. "घरात बसून कळायचं, कुठनं निघालीय आणि कुठंपर्यंत आलीय. माणूस कोण, हे नंतर विचारायचं. आधी माग थांबवायचा."

वडील गेले तेव्हा ते पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. आले तोवर तिरडी बांधून झाली होती. गल्लीतले माग तोवर विकले गेले होते, काही एमआयडीसीत आले होते. खाली दुकानं निघाली होती.

"चाळीस घरं पार केली असतील," ते म्हणाले. "थांबवायला एक माग नव्हता. सगळं आधीच गप्प. त्यामुळे बाप गेलेला कुणाला कळलाच नाही."

नंतर ते सोलापूरला परतले आणि या कंपनीत लागले. पगार कमी झाला असणार. ते त्याबद्दल बोलत नसत.

काही दिवसांनी कारणांच्या यादीत एक नवा शब्द आला : मयत.

आधीची कारणं सल्लागारानं हसून चालवून घेतली होती. हा शब्द अडला. परदेशातल्या ग्राहकाला प्रत्येक थांबण्याचं कारण त्याच्या स्वतःच्या यादीत बसवून द्यावं लागे. लघवी तिकडे 'वैयक्तिक विराम' होऊन जायचं. मयत कशात बसवायचं? आणि मयत म्हणजे एक माग थांबणार नव्हता. सगळे थांबणार होते.

डॉकच्या समासात दोघांचा वाद चालला. तो सगळ्यांनी वाचला.

सल्लागारानं लिहिलं, "हे 'नियोजित देखभाल'मध्ये टाकता येईल का?"

"माणूस नियोजनानं मरत नाही."

"मग 'कच्च्या मालाचा अभाव'?"



शेवटी धाकटे मालक त्यांच्या टेबलाशी येऊन बसले. मालकांचं घर जुनं, अक्कलकोटकडचं. घरात कानडी, बाहेर मराठी. माणूस दुष्ट नव्हता.

"काका, मीपण सोलापूरचाच आहे की. आमच्या दारावरनं मयत गेली तर आई अजून गॅस बंद करते. पण हे तिकडं कसं समजावू? त्यांच्या पडद्यावर सगळी रेघ खाली गेली, तर त्यांना वाटेल इथं आग लागली."

"मग सांगा, माणूस गेला."

"कोण गेला विचारतील."

"विचारू दे की. तेच तर पाहिजे."

मालकांनी शब्द काढायला सांगितला. कारणसाहेबांनी तो पुसला नाही, त्यावर आडवी रेघ मारली. डॉकमध्ये रेघ मारलेला शब्द वाचता येत असे.

त्या उन्हाळ्यात उस्मानचाचा गेले. राहायचे कंपनीमागच्या वस्तीत. छातीत दुखतंय म्हणून दुपारी घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा जनाजा फाटकावरून निघाला. त्या शेडमधला एकही माग असा नव्हता, ज्याच्याखाली चाचा कधी आडवे झाले नव्हते.

कारणसाहेब जिना उतरून खाली गेले. शेडच्या मधोमध उभे राहिले, हात वर केला आणि मूठ मिटली.

पहिला माग नरसय्यानं थांबवला. मग शेजारचा, मग त्यापलीकडचा, असं करत सगळी शेड गप्प झाली. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी तिथं पाखरांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. खांबाखांबावर लाल चौकटी उघडल्या. कारण निवडा. विणकरांनी कारणसाहेबांकडे पाहिलं.

"काही दाबू नका," ते म्हणाले. शांतता होती, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

जनाजा पुढे गेला. माग सुरू झाले. एवढंच घडलं होतं. तिन्ही पडद्यांवर मात्र रेघ तळाला जाऊन वर आली होती आणि तिला कारण नव्हतं.

ग्राहकाकडून विचारणा आली. सल्लागार स्वतः सोलापूरला आला. कारणांची यादी कारणसाहेबांच्या हातून गेली. सासऱ्याचा फोन, मुकादमाशी भांडण ही कारणं निघाली, इतर परत आलं. त्यांना सल्लागार मंडळात बढती दिल्याचं पत्र मिळालं. त्या मंडळाची बैठक कधी होत नसे. त्यांची खुर्ची कुणीतरी पडद्याकडे वळवून ठेवली.

हे सगळं त्यांनी निमूट घेतलं असतं. त्यांना लागला तो नवा नियम. यापुढे कारण न निवडता काही अडून राहिलं, तर सॉफ्टवेअर आपोआप तिथल्या कामगाराचं नाव लाल यादीत टाकणार होतं. नाव पुन्हा पुन्हा आलं की कामाची पाळी सुटणार. म्हणजे पुढच्या वेळी मूठ मिटणार ती साहेबांची, आणि नाव लागणार नरसय्याचं.

नियम डॉकवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. ते शेजारी येऊन उभे राहिले आणि पान पूर्ण वाचलं.

"हे मीच करून ठेवलं," ते म्हणाले.

मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांना ते ऐकू आलं नसावं.

त्यानंतर ते महिनोन् महिने येत राहिले, पण खाली जात नसत. वजन उतरत गेलं. दुखणं यकृताचं होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत आम्लपित्त म्हणून सांगितलं. कामाच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात शाल, नारळ झालं, मालकांचं भाषण झालं. मग ते जिना उतरले. मीही मागे गेलो.

शेड चालू होती. ते मधोमध उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते, पण माग कुणी थांबवला नाही. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग हात आडवा करून लांब नेला. मूठ मिटली आणि लगेच ती उघडून तळवा जोरजोरात हलवला. पुन्हा तेच केलं, शेडच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून, म्हणजे मागच्यांनाही दिसावं. मग ते निघून गेले.

बाहेर आल्यावर मी नरसय्याला विचारलं, काय म्हणाले?

"म्हणले, मला नेतील तवा माग थांबवू नका."

"तुम्ही काय म्हणालात?"

"आमी काय म्हणणार? साहेब हाय त्ये."

पुढे थोड्याच दिवसांत ते गेले. बातमी पहाटेच आली. त्यांच्या मुलीनं शववाहिकेच्या चालकाला वाट वाकडी करून एमआयडीसीतून न्यायला सांगितलं. वडिलांनी तसं काही म्हटलं नव्हतं, असं तिनं नंतर सांगितलं. तिचं तिलाच वाटलं होतं.

गाडी फाटकाशी येऊन सावकाश झाली. पहारेकऱ्यानं शेडच्या उघड्या दाराकडे पाहत टोपी काढली. धाकटे मालक ऑफिसच्या खिडकीत उभे होते. मी पडद्यासमोर होतो. खालून खडखडाट येत होता, रोज येतो तसाच. रेघ सरळ होती. एकही खाच नव्हती. सहसा, सगळं सुरळीत असतानाही, कुठे ना कुठे धागा तुटतोच. त्या वेळात तोही तुटला नाही.

"चालूच आहे सगळं," मालक म्हणाले. "मला वाटलं होतं..." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. संध्याकाळी ग्राहकाच्या सॉफ्टवेअरकडून आपोआप निघालेला संदेश आला. त्या सकाळच्या सलग कामाबद्दल शेडचं अभिनंदन होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी विभागातून बोलावणं आलं. मागावरून उतरलेलं कापड तिथं लांब टेबलावर पसरून पाहतात आणि दोष असेल तो भाग कापून काढतात. हे काम करणाऱ्या मावशी कात्री बाजूला ठेवून उभ्या होत्या.

"सर, हितं या जरा. हे बघा."

टॉवेलच्या कापडात मधेच हातभर जागा नुसती उभ्या धाग्यांची होती. आडवा धागा एकही नाही. त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"ह्याच्यात बी हाय. आन् ह्याच्यात बी." त्यांनी दुसरं, तिसरं कापड उलगडलं. "सगळ्या मागांचं असंच आलंय. माप सुदिक सारखंच."

नरसय्या दारात येऊन उभा होता. त्यानं आत पाहिलं आणि नजर खाली घातली.

"काटे बांधून रिकामे धोटे सोडले व्हते," तो म्हणाला. "गाडी फाटकावर हाय तवर. थांबवायचं न्हाय म्हणले व्हते साहेब. थांबवलं न्हाय."

"सगळ्यांना एकदम कसं जमलं?"

"त्यांनीच लिवून ठेवलंय की. डॉकमधी. फोटोसकट."

टेबलाच्या टोकाला तपासणीचा टॅबलेट होता. प्रत्येक कापलेल्या तुकड्याची नोंद त्यात करावी लागते. लाल चौकट उघडून बसली होती. मावशींनी यादी वरून खाली सरकवली. मग खालून वर.

"काय दाबू?"

मावशींचं बोट शेवटच्या बटणाशी आलं.

"इतर दाबू?"

"इतर नको, मावशी," नरसय्या म्हणाला. "त्यांना आवडायचं न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे तसंच."

"नाव लागंल तुमचं."

मावशींनी ते सुटे धागे एकदा तळव्यानं सारखे केले, वेणी घालण्याआधी केस करतात तसे. मग कात्री उचलली.

"लागू दे," त्या म्हणाल्या.